विजेचं पाणी

सुरतेत दोन-तीन पिढ्या काढलेल्या मराठी घरात फरशी पुसायच्या फडक्याला दोन नावं असतात. घरातली म्हातारी माणसं ‘पोतेरं’ म्हणतात, शाळेतून आलेली पोरं ‘पोतुं’ म्हणतात. ऐकायला दोन्ही शब्द सख्खी भावंडं वाटतात. पण मराठीतल्या पोतेऱ्याला आणखी एक अर्थ चिकटलेला आहे. एखाद्याला राबवून राबवून कोपऱ्यात टाकलं, की आपण म्हणतो, ‘त्याचं पार पोतेरं केलं.’ माझी थोरली बहीण पंचवीस वर्षं हे फडकं हातात घेऊन वाकलेली होती. त्यामुळे जंतुनाशकांबद्दल काही नवीन कानावर आलं, की माझी नजर आधी तिच्या हातांकडे जाते.

आम्ही मूळचे शिंदखेडा तालुक्यातले. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती, असं आमचं उधन्यातलं जगणं. ताईचे यजमान लूमवर कामाला होते. १९८८ साली ते गेले आणि दोन मुलं पदरात असलेल्या ताईने एका खासगी रुग्णालयात आयाबाईचं काम धरलं. रुग्णालयाचं नाव कशाला घ्या! वॉर्डातली फरशी, लोखंडी खाटा, खाटेजवळची कपाटं, शौचालयं, सगळं दिवसातून तीनदा पुसायचं. बादलीत ब्लीचिंग पावडर किती घालायची याला माप नव्हतं. ‘वास आला पाहिजे,’ हेच माप. रबरी हातमोजे होते, पण ते वरच्या मजल्यावर, सिस्टर लोकांच्या कपाटात. हिवाळ्यात ताईच्या बोटांच्या पेरांना चिरा पडत. रात्री ती त्यांत खोबरेल तेल भरी आणि हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून झोपे. एकदा शौचालयात ब्लीचिंगच्या पाण्यावर कुणीतरी ॲसिड ओतलं. त्यातून क्लोरीन वायू निघाला आणि ताई पुढे तीन दिवस खोकत राहिली.

आज रेशनच्या दुकानातलं यंत्र तिचा अंगठा ओळखत नाही. बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत, की अंगठ्यानंतर दुसरं बोट, मग तिसरं बोट, आणि शेवटी नातीच्या मोबाइलवर येणारा आकडा, असं करत करत गहू-तांदूळ मिळतात. पंचवीस वर्षांत किती रोग्यांना तिच्यामुळे जंतू लागले नाहीत याची नोंद कुठल्या वहीत नाही. तिच्या कामाची नोंद आहे ती त्या पुसल्या गेलेल्या रेषांत.

या ताईची नात, धाकट्या मुलाची मुलगी, सुरतेतच भौतिकशास्त्राचं एम.एस्सी. करते. मागच्या उन्हाळ्यात तिने प्रकल्पासाठी विषय निवडला, तो प्लाझ्मा-प्रक्रिया केलेल्या द्रवांनी पृष्ठभाग निर्जंतुक करण्याचा. एका रविवारी ती बाटलीभर पाणी घेऊन घरी आली. दिसायला अगदी नळाच्या पाण्यासारखं. त्यात निळा लिटमस कागद बुडवला, तर तो लाल झाला.

“नाना, यात चिमूटभरसुद्धा औषध घातलेलं नाही,” ती म्हणाली. “पाणी, हवा आणि वीज. बस्स.”

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. पण आमच्या काळच्या पुस्तकांत पदार्थाच्या तीनच अवस्था होत्या, घन, द्रव आणि वायू. चौथीची ओळख आम्हांला उशिरा झाली. वायूला भरपूर ऊर्जा दिली, की त्याच्या अणूंतले काही इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विद्युतभारित कणांचं एक खवळलेलं मिश्रण तयार होतं. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ साली त्याला ‘प्लाझ्मा’ म्हटलं. रक्तातल्या प्लाझ्माशी त्याचं नातं नावापुरतं. आकाशातली वीज म्हणजे प्लाझ्मा, ट्यूबलाइटच्या नळीत पेटतो तो प्लाझ्मा, आणि सूर्य तर अंतर्बाह्य प्लाझ्माच. पाण्याशी ज्याची गाठ घालतात तो मात्र सूर्यासारखा तापलेला नसतो. त्यातले इलेक्ट्रॉन भन्नाट वेगाने धावतात, पण वायूचे बाकीचे कण जवळजवळ खोलीच्याच तपमानाला राहतात. म्हणून त्याला थंड प्लाझ्मा म्हणतात.

पाण्याच्या पृष्ठभागावर, किंवा पाण्यात सोडलेल्या हवेच्या बुडबुड्यांत, असा प्लाझ्मा पेटवला की हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना भिडतात. नायट्रोजनची ऑक्साइडं होतात, ती पाण्यात उतरतात आणि नायट्रस व नायट्रिक आम्लं बनतात. पाण्याचे काही रेणू मोडून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, थोडा ओझोनही मिसळतो. दहा-वीस मिनिटांत पाण्याचा सामू सातावरून तीनाच्या आसपास उतरू शकतो. या आंबट पाण्यात नायट्राइट आणि पेरॉक्साइड एकत्र आले, की पेरॉक्सिनायट्रस आम्ल नावाचा अल्पायुषी पदार्थ जन्मतो. तो क्षणात मोडतो, आणि मोडता मोडता जंतूच्या आवरणातली स्निग्ध द्रव्यं, त्याची प्रथिनं आणि आतला डीएनए यांना घेऊन जातो. प्रयोगशाळेत अशा पाण्याने लाख जंतूंमागे एखादाच जिवंत राहिल्याची उदाहरणं आहेत. काम संपलं की मागे उरतं ते किंचित नायट्रेट असलेलं पाणी. म्हणजे एक प्रकारे पातळ खतच.

ही करामत निसर्गाच्या अंगवळणी पडलेली आहे. गडगडाटी पावसानंतर पिकाला वेगळीच तरतरी येते असं आमच्याकडचे शेतकरी सांगतात, आणि वीज कडाडताना हवेतला थोडा नायट्रोजन पावसातून जमिनीत उतरतो हे खरंच आहे. इंग्लंडात हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८५ साली हवेतून विजेच्या ठिणग्या पाडून नायट्रिक आम्ल मिळवून दाखवलं होतं. नॉर्वेत बिर्केलंड आणि आयडे या दोघांनी त्याच तत्त्वावर खताचा कारखाना उभारला आणि १९०५ पासून नोटोडेन गावी विजेच्या ज्योतीतून खत निघू लागलं. पुढे स्वस्त पद्धती आल्या आणि ते कारखाने मागे पडले. शंभर वर्षांनी तीच ठिणगी आता जंतूंवर धरली जाते आहे.

प्लाझ्मा हा शब्द सुरतेला तसा परका राहिलेला नाही. गांधीनगरजवळच्या भाट गावी १९८६ पासून प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. तिथे सूर्यातली ऊर्जा पृथ्वीवर कशी आणता येईल याचे मोठे प्रयोग चालतातच. पण रुग्णालयातला कचरा प्लाझ्माच्या उष्णतेने नष्ट करण्याची यंत्रंही तिथे तयार झाली, आणि प्लाझ्मा-प्रक्रिया केलेल्या पाण्यावरही तिथल्या संशोधकांनी काम केलं आहे. खुद्द सुरतेत तर प्लाझ्मातून हिरे पिकवतात. मिथेन आणि हायड्रोजन एका बंद पात्रात घेऊन त्यांचा प्लाझ्मा पेटवतात आणि त्यातला कार्बन हिऱ्याच्या पातळ बीजावर थराथराने बसत जातो. जून २०२३ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा जो हिरा भेट दिला, तो असाच सुरतेत घडवलेला. श्रीमंताच्या बोटातल्या अंगठीपर्यंत प्लाझ्मा पोचला. आता तो आयाबाईच्या बादलीत उतरतो का, एवढंच बघायचं.

ताईने ती बाटली हातात घेतली, झाकण काढून हुंगली आणि म्हणाली, “याले त वासच नही!” पंचवीस वर्षं जिने वासावर माप केलं, तिचा बिनवासाच्या पाण्यावर विश्वास कसा बसावा? फार थोडा वास होता खरा, पावसाळी विजेनंतर येतो तसा. पण फिनेलपुढे तो काय! मग तिने दुसरा प्रश्न विचारला.

“कितला दिन टिकी हाई पानी?”

नात जरा थबकली. प्रश्न वर्मावर होता. या पाण्याची ताकद काही तासांत ओसरू लागते. फ्रीजमध्ये ठेवलं तर ती जास्त दिवस राहते, पण बाटल्या भरून वर्षभर गोदामात ठेवण्यासारखी ही चीज नव्हे. जिथे लागेल तिथे करायचं आणि ताजं वापरायचं.

“म्हनजे पानी बी शिळं व्हस,” ताई म्हणाली, आणि उठून चहा टाकायला गेली.

सांगायचा मुद्दा असा, की ताईचं ते वाक्य मला या सगळ्या विषयाचं सार वाटतं. ब्लीचिंगचं पातळ केलेलं द्रावणही उजेडात आणि उघड्या बादलीत असंच शिळं होतं. ते रोज ताजं करायचं असतं. पण त्याचा उग्र वास मागे रेंगाळतो आणि खोली स्वच्छ झाल्याची ग्वाही देत राहतो. विजेच्या पाण्याला तीही सोय नाही. ते आपली लबाडी झाकत नाही. आज केलं नाही, तर आज नाही. या पाण्याचा हा दोष म्हणून सांगतात. मला तो त्याचा गुण वाटतो. आणि असं का वाटतं, ते सांगायला सुरतेचंच उदाहरण घ्यावं लागेल.

सुरतेत राहणाऱ्याला जंतुनाशक म्हटलं की आधी १९९४ आठवतं. त्या पावसाळ्यात सखल वस्त्यांत पाणी साचलं, मेलेली जनावरं दिवस दिवस पडून राहिली. ऑगस्टमध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण निघाले होते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत वेड रोडच्या बाजूला फुप्फुसाच्या प्लेगने माणसं दगावू लागली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. चार-सहा दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. मी दोन्ही घरची मुलं घेऊन भुसावळच्या गाडीत बसलो. नवापूरचं स्थानक अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. एरवी तिथे भाषा कुठे बदलते ते कळत नाही, त्या दिवशी मात्र खिडकीत बसलेला प्रत्येक जण सरहद्द कधी ओलांडतो याची वाट बघत होता. ताई मागे राहिली. तिच्या रुग्णालयातले मोठे डॉक्टर गावोगाव पांगले होते. दार उघडं ठेवलं ते दोन आयांनी, एका वॉर्डबॉयने आणि एका तरुण डॉक्टरने.

त्या दिवसांत सुरतेच्या रस्त्यांवर पांढरी भुकटी पसरलेली होती. उकिरड्यांवर, गटारांच्या कडेला, चाळींच्या जिन्यांत. पिसवा मारणाऱ्या पावडरीला आपलं काम होतं, ते मी नाकारत नाही. पण फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातून पसरतो. रस्त्यावरची पांढरी भुकटी त्याला काय अडवणार? साथ आटोक्यात आली ती रुग्णांना वेगळं ठेवल्याने आणि प्रतिजैविकांनी. पन्नासच्या आसपास माणसं गेली. तो प्लेग होता की आणखी काही, यावर पुढे बराच वाद झाला. नंतर जनुकीय तपासणीत तो प्लेगचाच जंतू, यर्सिनिया पेस्टिस, असल्याचं निष्पन्न झालं. उकिरड्यावरची भुकटी पहिल्या पावसात वाहून गेली आणि उकिरडा होता तिथेच राहिला.

उकिरडा हलला तो पुढच्या वर्षी. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग केले, प्रत्येकावर अधिकार असलेला आयुक्त बसवला आणि रोज सकाळी सगळ्या अधिकाऱ्यांना गल्लीबोळांत फिरायला लावलं. ‘ए.सी. सोडा, डी.सी. धरा’ असं त्याचं गमतीचं सूत्र होतं. म्हणजे वातानुकूलित खोली सोडा आणि रोजची कामं धरा. रस्ते रात्री झाडले जाऊ लागले, घाण करणाऱ्याला दंड होऊ लागला, मग तो हॉटेलवाला असो की गिरणीवाला. १९९६ साली ‘इनटॅक’ संस्थेच्या पाहणीत चंडीगडनंतर देशातलं दुसरं स्वच्छ शहर म्हणून सुरतेचं नाव आलं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सुटून बहुतेक शहर बुडालं, घराघरांत गाळ साचला. पण गाळ उपसायची सवय हाताला लागलेली होती, आणि १९९४ पुन्हा घडलं नाही. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर सुरतही पहिल्या क्रमांकावर आली. या सगळ्यात कुठली चमत्कारी पावडर नव्हती. रोजचा झाडू होता, आणि तो रोज पडतो की नाही हे बघणारी माणसं होती.

तरी माणसाचा जीव फवाऱ्यातच अडकलेला. २०२० साली करोनाच्या सुरुवातीला ठिकठिकाणी बोगद्यासारखे मांडव उभे राहिले आणि आतून जाणाऱ्या माणसांवर हायपोक्लोराइट शिंपडलं जाऊ लागलं. त्या एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सांगावं लागलं, की असं करू नका, याने डोळ्यांना आणि कातडीला अपाय होतो, आणि शरीरात शिरलेल्या विषाणूवर याचा काही परिणाम होत नाही. रस्त्यांवर औषध फवारण्याचा उपयोग नाही, कारण धूळ आणि घाण ते निकामी करतात, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही त्यानंतरच्या महिन्यात सांगितलं.

विजेच्या पाण्याचं अगदी हेच आहे. नातीने प्रकल्पात जे पाहिलं, ते ती मोकळेपणी सांगते. धुतलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर हे पाणी छान काम करतं. तिथे रक्त, पू, दूध, साबणाचा थर असं काही असेल, तर पाण्यातली सगळी शक्ती त्या घाणीशीच भांडण्यात खर्च होते आणि जंतू खाली सुखरूप राहतात. जिथे जंतूंनी आपल्याभोवती बुळबुळीत थर विणलेला असतो, किंवा जे बीजाणूंच्या कवचात दडून बसतात, तिथे त्याला जड जातं. आंबट असल्याने काही धातूंना गंज चढू शकतो. पाणी करताना ओझोन निघतो, म्हणून खोली हवेशीर लागते. आणि वीज कमी-जास्त झाली, पाणी कठीण असलं, तर रोजच्या पाण्याची ताकद सारखी राहीलच असं नाही. म्हणून प्रत्येक वेळी मोजून बघावं लागतं. या अडचणी सुटतील तेव्हा ते प्रयोगशाळेतून रुग्णालयाच्या रोजच्या बादलीत येईल.

आणि तरीही मला या पाण्याबद्दल आशा आहे. आदिवासी पट्ट्यातल्या एखाद्या छोट्या प्रसूतिगृहाचा विचार करा. तिथे ब्लीचिंगचे डबे दमट हवेत मरून पडलेले असतात, नवे यायला आठवडे लागतात. छपरावर सूर्याच्या उजेडावर चालणारं एक लहानसं यंत्र बसवलं आणि रोज सकाळी दोन बादल्या पाणी तिथल्या तिथे तयार झालं, तर बाळंतिणीची खाट पुसायला कुणाच्या पुरवठ्याची वाट बघावी लागणार नाही. क्लोरीनचे डबे वाहणं नाही, ॲसिडशी गाठ पडून वायू निघण्याची भीती नाही, सांडपाण्यात विखार नाही. आणि हे पाणी साठवता येत नसल्यामुळे ते रोज करणारी बाई महत्त्वाची ठरेल. तिला सामू कळावा लागेल, घड्याळ बघावं लागेल, वहीत नोंद करावी लागेल. ‘वास येईपर्यंत टाक’ असं तिला कुणी सांगू शकणार नाही.

अर्थात यंत्र आलं म्हणजे तिची किंमत आपोआप वाढेल, एवढा मी भाबडा नाही. यंत्राची चावी साहेबाच्या खिशात आणि फडकं तिच्या हातात, अशी वाटणी करायला आपल्याकडे वेळ लागत नाही. म्हणून मी नातीला एवढंच सांगितलं, की तुझ्या प्रकल्पाच्या अहवालात जंतू किती मेले याचा तक्ता असेल, त्याच्या शेजारी आणखी एक रकाना ठेव. हे पाणी रोज सहा तास, वर्षानुवर्षं हाताळणाऱ्या हातांचं काय होतं? ब्लीचिंगपेक्षा ते सौम्य ठरेल असं वाटतं. पण सामू तीन असलेलं पाणी शेवटी आम्लच. ती म्हणाली, “नाना, तो तर वेगळाच प्रकल्प होईल.” मी म्हटलं, “मग तो कर.” ताई मध्येच बोलली, की माझे हात घे तपासायला, आता त्यांचं आणखी काय बिघडणार आहे! आम्ही तिघंही हसलो. नात जरा उशिरा हसली.

दिवाळी आली, की लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो आणि लक्ष्मी म्हणून तिच्या पाया पडतो. फार शहाणी रीत आहे ही. फक्त त्या केरसुणीमागे जो हात असतो, त्याच्यापर्यंत आपलं हळदकुंकू पोचत नाही. तुमच्या घरी, दुकानात, दवाखान्यात कुणी फरशी पुसत असेल, तर यंदा एवढं करून बघा. बाटलीवर लिहिलेलं माप तिला तिच्या भाषेत वाचून दाखवा. ब्लीचिंग आणि ॲसिड एका कपाटात ठेवू नका, आणि एकत्र तर कधीच करू नका. आधी साबणाच्या पाण्याने धुऊ द्या, मग जंतुनाशक. विजेचं पाणी यायचं तेव्हा येईल. रबरी हातमोजे आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.